तुमच्या रंगाला आमच्या टिनावर एक उन्हाळा काढू द्या

प्रति,
नागपुरातल्या संशोधन संस्था आणि महाविद्यालयांमध्ये पदार्थ, पर्यावरण व आरोग्य या विषयांवर काम करणारे शास्त्रज्ञ

सविनय नमस्कार.

मी रंगारी आहे. ३१ वर्षं झाली, नागपुरातली घरं रंगवतोय. आधी उस्तादाच्या हाताखाली घासकागद मारला, आता माझ्या हाताखाली चार पोरं आहेत. दसरा-दिवाळी सोडली तर आमची खरी कमाई मार्च ते मे. भिंत लवकर वाळते, घरोघरी लग्नं असतात. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवीन काम आलंय, छत पांढरं करून देण्याचं. स्लॅबवाले सांगतात, टिनवालेही, म्हणजे जस्ताच्या पत्र्याचं छत असलेलेही सांगतात. हे पत्र टिनवाल्यांच्या वतीने लिहितोय. त्यांनी मला तसं सांगितलेलं नाही, पण त्यांच्या छतावर मी जितका बसलोय तितके ते स्वतःही बसले नसतील.

माझी मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. एका रात्री जेवताना तिने विचारलं, "बाबा, तुमचा सगळ्यात पांढरा रंग किती पांढरा?" मला प्रश्नच कळला नाही. पांढरा म्हणजे पांढरा! मग तिने सांगितलं की अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शियुलिन रुआन यांच्या गटाने २०२१ मध्ये एक रंग केला, तो अंगावर पडलेल्या उन्हापैकी ९८.१ टक्के ऊन परत फेकतो. दुकानातला चांगला पांढरा रंग ८० ते ९० टक्क्यांवर थांबतो, कारण त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरणं पिऊन टाकतं. रुआन यांनी त्याऐवजी बेरियम सल्फेट घेतलं. पोटाचा एक्स-रे काढायच्या आधी पाजतात ते पांढरं पाणी, तेच हे. त्याचे कण मुद्दाम लहान-मोठे ठेवले, म्हणजे उन्हातली प्रत्येक लहर कुठल्या ना कुठल्या कणावर आपटून मागे फिरेल. भर दुपारी तो रंगवलेला तुकडा आजूबाजूच्या हवेपेक्षा साडेचार अंशांच्या आसपास थंड राहिला.

मी म्हटलं, हे नाही पटत. उन्हातली वस्तू कमी तापली हे समजतं, पण हवेपेक्षाही थंड? तेव्हा तिने डिसेंबरातली गोष्ट काढली. आभाळ मोकळं असलं की रात्री गारठा पडतो, ढग आले की उबारा वाटतो. असं का? जमीन रात्रभर आपली उष्णता वर फेकत असते, आणि ८ ते १३ मायक्रोमीटर लांबीच्या लहरींना कोरडी हवा फारशी अडवत नाही, त्या थेट अवकाशात जातात. ढग आले, हवा दमट झाली की ती वाट बुजते. ही वाट दिवसाही उघडीच असते. फक्त वरून येणारं ऊन इतकं असतं की बाहेर जाणाऱ्या उष्णतेचा काही पाड लागत नाही. येणारं ऊन जवळजवळ सगळं परतवलं की हिशेब उलटतो. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी भर उन्हात हे करून दाखवलं, हवेपेक्षा ४.९ अंश खाली.

पण मला जास्त लागलं ते पुढचं. बेरियमच्या आधी, २०२० मध्ये, याच गटाने कॅल्शियम कार्बोनेटचा रंग केला होता. तो ९५.५ टक्के ऊन परतवत होता. आता कळीचा चुना रात्रभर भिजवून भिंतीला मारला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि शेवटी जे बनतो, ते कॅल्शियम कार्बोनेटच. माझा आजा दर उन्हाळ्याआधी घराला चुना मारायचा. मी रंगाच्या डब्यांचा जमाना आला म्हणून त्याला हसलो होतो.

अर्थात आजोबांचा चुना काही ९५ टक्के परतवत नव्हता. कण मोठे, थर पातळ, आणि वर आम्हा रंगाऱ्यांची एक खोड. चुन्यात चिमूटभर नीळ घालायची. नीळ घातली की भिंत डोळ्याला झकास पांढरी दिसते, पण नीळ उन्हातला पिवळा-लाल भाग गिळते. शिवाय उन्हातला निम्म्याच्या आसपास भाग आपल्या डोळ्याला दिसतच नाही, त्या बाबतीत डोळा काय सांगणार? म्हणजे ३१ वर्षं मी जे पांढरं म्हणून विकलं, ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यासाठी होतं, उन्हासाठी नव्हतं. आता छताच्या कामात नीळ घालत नाही. माझी पोरं अजून कुरकुरतात, "उस्ताद, पिवळं पिवळं दिसून राहिलं."

हे झालं तुमचं कौतुक. आता आमचं टिन.

मी दीड हजारांचं बंदुकीसारखं थर्मामीटर घेतलं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता नव्या कोऱ्या चकचकीत टिनावर धरलं, तर आकडा बाहेरच्या हवेइतकाही नाही. तिथेच तळहात टेकवला आणि फोड आला. मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो, मुलीने थांबवलं. टिनावरचं चकचकीत जस्त उष्णता बाहेर फेकण्यात फार कंजूष असतं. बंदूक ती बाहेर पडणारी उष्णताच मोजते, म्हणून फसते. तिने वायरमनची काळी टेप टिनावर चिकटवली आणि म्हणाली, आता टेपवर मोजा. आकडा साठीच्या पुढे गेला. टिन एवढं का पेटतं याचं उत्तरही तिथेच होतं. ते ऊन बऱ्यापैकी परतवतं, पण जे घेतं ते सोडत नाही. साधा पांढरा रंग दिला की ते जास्त ऊन परतवायला लागतं आणि घेतलेलं सोडायलाही लागतं. शेजारचं रंगवलेलं टिन त्याच वेळी पन्नाशीच्या आत होतं.

(३० मे २०२४ ला आपल्या शहरात ५६ अंश तापमान नोंदवलं गेलं, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की यंत्रातच दोष होता. लोकांनी चेष्टा केली. मला चेष्टा करायचा अधिकार उरला नव्हता.)

तर पहिल्या उन्हाळ्यात रंगाचा उपयोग झाला, यात शंका नाही. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत मी टिनाची ११ घरं रंगवली, काही चुन्यात चिकट मिसळून, काही एका कंपनीचा 'उष्णतारोधक' म्हणून विकला जाणारा रंग आणून. दुसऱ्या उन्हाळ्यात तिथल्या एका काकूंनी मला रस्त्यात गाठलं. "भाऊ, पयल्या वर्षी मस्त वाटलं. यंदा काहीच फरक पडून नाही राहिला." मी शिडी लावून वर गेलो. चुना बहुतेक पावसाने नेला होता, आणि जिथे होता तिथे टिनाला पांढुरका गंज. ओला चुना जस्त खातो, हे मी आधी कोणाला तरी विचारायला हवं होतं. महागडा रंग जागेवर होता पण पांढरा नव्हता. राखाडी होता. बोट फिरवलं तर बोट काळं. रस्त्याची धूळ, डिझेलचा धूर, चुलीची काजळी, पावसाळ्यात धरलेलं शेवाळ वाळून झालेले काळे डाग. एका घरावर फाटलेल्या पतंगी आणि जुन्या कूलरचा सांगाडा, दुसऱ्यावर दोन टायर आणि चार विटा, कारण वादळात टिन उडू नये म्हणून वजन ठेवावंच लागतं. काकूंच्या छतावर अर्ध्या भागात कुरडयांचं प्लास्टिक अंथरलेलं. माझं नाव खराब झालं ते झालं. पण मला प्रश्न पडला की ९८.१ टक्के हा आकडा नेमका कोणत्या दिवसाचा?

मुलीने शोधून सांगितलं की अमेरिकेत छताच्या रंगांना प्रमाणपत्र देताना नमुने तीन वर्षं उघड्यावर ठेवतात, ॲरिझोनात, फ्लोरिडात आणि ओहायोत. एक कोरडी जागा, एक दमट, एक थंड. पद्धत चांगली आहे. पण आमच्याकडे मार्चमध्ये ॲरिझोना असतं, ऑगस्टमध्ये फ्लोरिडा, आणि वरून कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची राखड बाराही महिने. हे सगळं एकाच टिनावर, एकाच वर्षात. ज्या रंगाला हे झेपतं, तो आमचा रंग. तो प्रयोगशाळेत ९८ नसून ८५ असला आणि तिसऱ्या मे महिन्यात ७० राहिला, तर मला तो पुरेल. पण असा आकडा रंगाच्या कुठल्याही डब्यावर छापलेला नसतो.

म्हणून माझी पहिली मागणी. संशोधन करताना पहिल्या दिवसाचा आकडा छापता, तसा हजाराव्या दिवसाचाही छापा. आणि तो दिवस इथला असू द्या.

गच्चीवर एसीची बाहेरची पेटी बसलेली असते त्या माणसाला हे सगळं रंगाच्या दुकानदारीतलं वाटेल. टिनाखाली राहणाऱ्याला तसं वाटत नाही. तज्ज्ञ पूर्वी सांगत, थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून मोजलेलं तापमान ३५ च्या पुढे गेलं की धडधाकट माणूसही काही तासांत जातो. २०२२ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, निरोगी माणसांना गरम खोलीत बसवून, हलकं काम करायला लावून मोजलं. दमट हवेत ३०-३१ लाच शरीराचा तोल सुटू लागला. आणि कोरड्या, भाजणाऱ्या हवेत तर २५ ते २८ च्या दरम्यानच. कोरडी, भाजणारी हवा म्हणजे आपला नवतपा, मे संपतानाचे ते नऊ दिवस. आपण म्हणतो, मुंबईचा घाम नको, नागपूरचं कोरडं ऊन परवडलं. तरण्या पोरांचे हे आकडे आहेत. काकूंचे सासरे ७४ वर्षांचे आहेत, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि ते दिवसभर त्याच टिनाखाली खाटेवर असतात. पंखा त्यांच्यावर गरम हवाच फेकतो. कूलर घेतला तर मे निघतो, पण रोहिण्या संपून हवा दमट झाली की कूलर फक्त घर ओलं करतो.

अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं संशोधकांनी मोजलं. त्यातून तिथे २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आला. २०२५ मध्ये तिथल्याच वणझारा वास या वस्तीत गांधीनगरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थचे लोक ४०० च्या आसपास घरं घेऊन पाहायला लागले की छत पांढरं केल्याने माणसाच्या तब्येतीत खरोखर काय फरक पडतो. बुर्किना फासो, मेक्सिको आणि निउए या बेटावरही हाच प्रयोग हाती घेतला गेला. मला हे फार आवडलं. छताचं तापमान मोजणं सोपं, ते मीही करतो. म्हाताऱ्या माणसाची झोप, नाडी, रक्तदाब मोजणं माझ्या हातात नाही. ते तुमच्या हातात आहे. या शहरात पर्यावरण संशोधनाची नीरी आहे, अभियांत्रिकीची व्हीएनआयटी आहे, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानला एम्स आहे. एकाच वस्तीत एकाच उन्हाळ्यात हे सगळे मिळून काम करताहेत असं चित्र मला पाहायचंय. वस्ती मी दाखवतो.

आता टिनाच्या खालची बाजू. रंगाने भागत नाही म्हणून लोक आतून छत लावतात. स्वस्तात मिळतं म्हणून थर्माकोल. खाली चूल, वर उघडे वायरचे जोड, आणि मध्ये हे चटकन पेटणारं. मी तरी लावून देत नाही, पण माझ्या नकाराने काय होतं, दुसरा लावतो. इथे आपल्या भागाकडे दोन वस्तू फुकटात पडल्यात, त्यांचं काय करता येईल ते तुम्हीच सांगू शकता.

पहिली राखड. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. केंद्राच्या डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांना शंभर टक्के राख वापरात आणायला सांगितली, आणि पुढच्याच जुलैत खसाळ्याचा राखेचा बांध फुटून ती शेतांत शिरली. विटा होतात, सिमेंटमध्ये जाते, ठीक आहे. मला त्यातल्या पोकळ मण्यांमध्ये रस आहे. राखेच्या तळ्यावर तरंगणारे बारीक मणी, आत हवा, म्हणून वजनाला हलके आणि उष्णतेला आडकाठी करणारे. राख करडी असते, कारण तिच्यात न जळलेला कार्बन असतो. म्हणजे वरचा थर म्हणून ती चालायची नाही, पण खालचा थर या मण्यांचा आणि वर पांढरा हात, असं केलं तर? आणि हो, राखेत शिसं, आर्सेनिक, पारा यांचे अंश असतात. पहिल्या पावसात ते पन्हाळीतून खाली पाण्याच्या ड्रममध्ये उतरतील का, हे आधी तपासून द्या. टिनावरून पडणारं पाणी आमच्याकडे भांडी घासायला धरतात.

दुसरी वस्तू पऱ्हाटी. कापूस निघाला की उभी पऱ्हाटी उपटून बांधावर रचतात, नाहीतर पेटवून देतात. बोंडअळीच्या भीतीने तर ती लवकर शेताबाहेर काढायलाच सांगतात. कापूस तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, तिच्यापासून पार्टिकल बोर्ड करून दाखवलाय, आणि त्यांचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपुरातच आहे. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे. लाकूड न तोडता विदर्भाच्या शेतातलं छत! पण मुलीने इथेही खोड काढली. (शिकवलं की पोरं खोड काढतात, त्यासाठीच शिकवायचं.) बोर्डातला भुसा चिकटवायला सहसा युरिया-फॉर्मल्डिहाइड वापरतात. त्यातून फॉर्मल्डिहाइड हवेत सुटत राहतं, उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्त सुटतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. कपाटाला असा बोर्ड लावणं वेगळं. टिनाखाली वीतभर अंतरावर, ४५ अंशाच्या खोलीत, डोक्यावर आणि पाळण्यावर लावणं वेगळं. सोयाबीनच्या प्रथिनांपासून, झाडातल्या लिग्निनपासून डिंक करायचं संशोधन जगभर चालू आहे. सोयाबीन आमच्याकडे कापसाच्या शेजारच्याच वावरात असतं. या दोघांचं लग्न लावून द्यायला नागपूरपेक्षा बरी जागा कुठली?

'पर्यावरणपूरक' हा शब्द आला की आम्ही गरिबांनी टाळ्या वाजवायच्या, अशी एक रीत पडली आहे. वस्तू कचऱ्यापासून केली म्हणून ती श्वासाला चांगली ठरत नाही. तुमच्यातला जो पदार्थावर काम करतो आणि जो फुप्फुसावर काम करतो, ते दोघं एका टेबलावर बसतात का, एवढंच मला विचारायचंय.

मी विचारायला गेलोही होतो. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका संस्थेच्या फाटकावर, हातात गंजलेल्या टिनाचा तुकडा घेऊन. चौकीदाराने विचारलं, कोणाला भेटायचंय? नाव माहीत नव्हतं. काम काय? म्हटलं, चुना जस्त का खातो ते विचारायचंय. तो चांगला माणूस होता, हसला नाही, पाणी दिलं. पण आत सोडलं नाही, आणि त्याच्याकडे तरी काय नियम असणार अशा कामाचा? शेवटी उत्तर घरीच मिळालं. ज्यांच्या घरात एम.एस्सी. नाही, त्यांनी कुठे जायचं?

वाचायचं म्हटलं तर लेख इंग्रजीत, आणि विकत. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं, सरकारी संस्था आणि विद्यापीठांना हजारो नियतकालिकं मोकळी झाली, म्हणून मुलीला वाचता येतं. फाटकाबाहेरचा माणूस त्यात नाही. मी काही सगळे लेख मराठीत करा म्हणत नाही. ज्या संशोधनात आमची राख, आमचं पाणी, आमचं ऊन वापरलंय, त्याचं एक पान मराठीत काढा. काय केलं, काय निघालं, आणि मुख्य म्हणजे काय फसलं. फसलेलं कोणी छापत नाही, हे मुलगी सांगते. रंगाऱ्याला तेच आधी हवं असतं. चुना टिनावर टिकत नाही हे वाक्य मला वेळेवर मिळालं असतं तर चुना मारलेल्या घरांची टिनं वाचली असती. त्यातल्या चार घरांची टिनं मी पदरचे पैसे घालून बदलून दिली.

हे जमत नाही असं म्हणू नका, कारण याच शहराने ते केलेलं आहे. पाण्यातलं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नीरीतच निघाली. तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर, ढवळायचं, निवळू द्यायचं, वरचं पाणी काढून घ्यायचं. बादलीत होते. गावातल्या बाईला दाखवली की ती करू शकते. त्या पद्धतीतही उणिवा निघाल्या, पाण्यात ॲल्युमिनियम राहतं वगैरे, पण उणिवा कळल्या त्या लोकांनी वापरून पाहिली म्हणून. छतासाठी अशी बादली कोणी काढेल का?

पांढऱ्या छताची एक तक्रार मीच आधी सांगून ठेवतो, म्हणजे तुमचा प्रयोग बिघडणार नाही. डिसेंबरात पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हेच छत रात्री आणखी गार पडतं. काकू म्हणाल्या होत्या, "उन्हाळ्यात थंड त बरं, पण हिवाळ्यात लेकरू कुडकुडते." तेव्हा मोजणी फक्त मे महिन्यात करू नका. वर्षभर करा, आणि घरातल्या बाईला विचारून करा. दिवसभर त्या टिनाखाली तीच असते.

माझं स्वतःचं घरही टिनाचंच आहे, १८ बाय १२, उत्तर-दक्षिण उतार. त्याचे सहा भाग आखून ठेवलेत. एक उघडा, एक चुन्याचा, एक साध्या रंगाचा, तीन रिकामे, तुमच्यासाठी. वर काही वाळत घालायचं नाही हे बायकोकडून कबूल करून घेतलंय, फक्त पापडाचे चार दिवस सोडून. शिडी माझ्याकडे आहे. येताना काळी टेप घेऊन या, माझी संपली.

आपला नम्र,
एक रंगारी
कामठी रोड, नागपूर